भिंगनं पास केलेली बाई

अगं, ऐक तर आधी! मधे बोलू नकोस, नाहीतर मी विसरेन कुठे होते ते.

आमच्या शर्टांच्या कारखान्यात एक मुलगी आहे, तपासनीस. शिवून आलेला शर्ट हातात आला की आधी उलटा करते. सगळे बाहेरून बघतात, ही आतून. काखेतली शिलाई, कॉलरची टीप, बटणामागचा दोरा. म्हणून तिचं नाव पडलं भिंग. आता घरीसुद्धा भिंगच. घरी म्हणजे कोण, तर एकटी मावशी. आई गेल्यापासून तिनंच वाढवलं हिला.

तर मावशीचे गुडघे. उजवा तर असा, की तिसऱ्या मजल्यावर चढताना वळणावळणाला थांबायचं आणि वर म्हणायचं, "थांब गं, जरा खिडकीतून बघते." बघण्यासारखं काय, तर समोरच्या इमारतीची भिंत! हाडांच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, गुडघा वाकडा होत चाललाय, वर्षाच्या आत ऑपरेशन करून घ्या, उशीर केलात तर अवघड होईल. मावशीनं मुकाट ऐकलं आणि घरी येऊन जाहीर केलं, "मी कुणाला सुरी लावू देणार नाही. मी निसर्गोपचार करणार."

"कर," भिंग म्हणाली. "पण माणूस मी निवडणार."

"निवड बाई. तुला माणूस पसंत पडेपर्यंत माझे गुडघे म्हातारे होतील."

"झालेत की!"

पहिल्याकडे भिंतभर प्रमाणपत्रं. मावशी हरखूनच गेली. भिंग मात्र बसायच्या आधी भिंतीला नाक लावून उभी. सातही प्रमाणपत्रांवर तारीख एक आणि सहीही एकच! "एका दिवसात सात परीक्षा दिल्यात?" तिनं विचारलं. तो हसला, म्हणाला, "आधी विश्वास ठेवायला शिका." भिंगनं मावशीची पर्स उचलली आणि दार गाठलं.

दुसरा भारी गोड बोलायचा. एकवीस दिवसांत पळायला लावतो म्हणाला. आणि मावशीच्या रक्तदाबाच्या गोळ्या? उद्यापासून बंद, विष आहे ते! भिंग म्हणाली, "त्यांच्या डॉक्टरांशी बोलून घ्याल का?" तर म्हणे, "त्यांना काय कळतंय!" झालं, बाहेर. जिन्यात मावशी कुरकुरतेय, "आवाज किती छान होता गं त्याचा."

"मग घरी रेडिओ लावून देते."

तिसरी ही बाई. छापखान्याच्या वर एक खोली, एक पलंग, दोन बादल्या, आणि एकच प्रमाणपत्र, तेही दाराआड. बाईंनी आधी गोळ्यांची नावं लिहून घेतली, डॉक्टरांचे कागद मागितले. मग भिंगची सरबत्ती. कुठे शिकलात, असे गुडघे किती बघितलेत, आणि शेवटी, "तुमच्याकडे येऊन काहीच फरक पडला नाही असे किती?"

मावशीनं कपाळाला हात लावला. बाई मात्र विचार करून म्हणाल्या, "बरेच आहेत. झिजलेलं हाड मला भरून काढता येत नाही. शेक, मातीचा लेप, मालीश, थोडा व्यायाम. दुखणं कमी होईल, नाहीही होणार. सहा मंगळवार बघू. फरक नसला तर मीच थांबवणार, आणि तुम्ही ऑपरेशनचं बघायचं. कबूल?"

भिंगनं तिथल्या तिथे पास केलं बाईंना.

आणि मग काय सांगू तुला, मावशी पार बदलली! सोमवारीच कपडे इस्त्री. मंगळवारी केस धुणं. अगं, तीस वर्षं टेलिफोन खात्यात होती ती, जन्मभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली, आणि स्वतःला बोलायला घरात कोण? भिंग दमून येते आणि नुसतं "हं, हं" करते. तिकडे बाई शेक देता देता तासभर ऐकायच्या. हसायच्या. मागच्या मंगळवारचं लक्षात ठेवून पुढचं विचारायच्या.

"कसं आहे?" भिंग रोज विचारायची. "मस्त!" मावशी म्हणायची. पण भिंगला जिना दिसत होता ना! पूर्वी तीनदा थांबायची, आता पाचदा. त्या उपचारवाल्यांना भिंगनं उलटं करून बघितलं, फक्त मावशीला बघायचं राहिलं. जिना दिसत असूनही, मस्त म्हणाली, की पास.

सहावा मंगळवार. बाईंनी विचारलं, "काय मग, फरक?"

"अर्धं दुखणं गेलं!" मावशी म्हणाली.

बाईंनी गुडघा दाबून बघितला, हलवून बघितला. मग भिंगकडे वळल्या. "घरी कसं असतं? जिना चढताना?"

मावशीनं टॉवेलाखालून भिंगचा हात धरला. असा घट्ट, लहान मुलं रस्ता ओलांडताना धरतात ना, तसा.

"फरक नाही," भिंग म्हणाली. "वाढलंय."

हात सुटला.

बाईंनी डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी लिहिली. मावशीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "माझ्याकडून होण्यासारखं असतं तर सोडलं नसतं हो तुम्हाला." मावशी चपला शोधत राहिली.

घरचा जिना ती एकटीच चढली. भिंगनं हात पुढे केला, तिनं कठडा धरला. पाच वेळा थांबली, पण खिडकीचं नाव नाही. तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर धापा टाकत म्हणाली, "त्या सुरीवाल्यालाही आधी उलटा करून बघ. नीट बघ."

बस, एवढंच. चार दिवस झाले, मावशी कामापुरतं बोलते. चिठ्ठी फळीवर डब्याखाली ठेवलीय. आणि भिंग मला विचारते, मी चुकले का गं?

तू सांग ना. तो हात तसा धरलेला असताना तू काय म्हणाली असतीस?