एका दमातला सांधा

"रंगसुद्धा वाळला, काका! आता कसला वास घेऊन बसलाय?" मुकादम वैतागला.

"परवा आला होता. केमिकल जळल्याचा," वेल्डर म्हणाला. "आणि मी थांबलो नाही."

इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर जिन्याच्या तयार काँक्रीटची कड फुटली होती. डागडुजी करताना भोकं पाडून, त्यांत केमिकल भरून चार सळया चिकटवल्या होत्या. त्यांवर नटांनी आवळलेली लोखंडी प्लेट, आणि प्लेटला रेलिंग जोडायचं काम या वेल्डरचं. न थांबता सांधा ओढण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नसे, आणि त्याचा तोराही होता. वेल्डिंगची धग सळईतून आत उतरली की केमिकलची पकड सुटते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण इतका देखणा सांधा मध्येच तोडायचं जिवावर आलं.

तेव्हापासून त्याला चैन नव्हतं. बायको त्याच इस्पितळात आया. आज सकाळी चपला घालता घालता ती म्हणाली, "रेलिंग झकास झालंय हं. काल तिथंच टेकून दम खाल्ला."

"आज दुसऱ्या जिन्यानं जा."

"का बरं?"

"जा म्हटलं ना!" तो खेकसला, आणि तिच्यामागोमाग तडक इथं आला.

मुकादमानं शेवटी कुरकुरत दोरी बांधून जिना बंद केला आणि सळया ओढून बघायला जॅक आणवला. तीन सळयांनी ताण सोसला.

"झालं समाधान?"

"चौथी राहिली."

चौथी आवाजसुद्धा न करता वीतभर बाहेर आली. मुकादमाचा चेहरा उतरला. "वर काय सांगू आता?"

"वेल्डरची चूक, असं सांगा. आणि चारही नव्या बसवा."

ग्राइंडर त्यानं स्वतःच उचलला. आपलाच सांधा कापताना त्याला रडू येत होतं, ते त्यानं चष्म्याआड ठेवलं.

नव्या सळयांवर केमिकलनं पुरती पकड घेतल्यावर तो पुन्हा बसला. बोटभर टाका, मग थांबायचं. पुन्हा बोटभर. मधल्या सुट्टीत बायको दोरीपलीकडे येऊन वाकून बघू लागली.

"अगंबाई, असला ओबडधोबड सांधा? शोभत नाही हो तुम्हाला."

"नाहीच शोभत," तो म्हणाला. काँक्रीटवर तळहात टेकवून तो धग उतरायची वाट बघत होता. "तू जरा लांब उभी राहा. अजून गरम आहे."