पोट न फाडता

आत्याने आकडा ऐकला आणि हातातला मासा फळीवर आपटला. मासळीबाजारात बसून तीस वर्षं ती एकच गोष्ट छातीठोकपणे सांगत आली होती: नदीतला मासा प्रवाहाशी झुंजून रोडावलेला, तळ्यातला खाऊनपिऊन गुबगुबीत, आजारातून उठलेल्या माणसाला तळ्यातलाच द्यावा. आणि आज जिला अंगाखांद्यावर खेळवलं ती सख्खी भाची सांगत होती की प्रयोगशाळेत उलटंच निघालं. वाळवल्यावर ग्रॅममागे ऊर्जा नदीच्या माशात बावीस किलोजूल, तळ्याच्या माशात वीस.

"तुझं यंत्र बिघडलंय," आत्या म्हणाली.

"तीनदा तपासलं गं. सोमवारी आकड्यांचा तक्ता बाजाराच्या फाटकावर लागणार आहे."

झालं. म्हणजे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी तक्ता वाचणार आणि मग आत्याचं तोंड बघणार. दुसऱ्या दिवशी दुकान शेजारणीच्या गळ्यात घालून, तळ्यातले दहा ताजे मासे टोपलीत घेऊन ती थेट प्रयोगशाळेत जाऊन थडकली.

"आता माझ्या डोळ्यांदेखत जाळ," तिने भाचीला बजावलं.

खोली नको तितकी स्वच्छ होती. माशांच्या खोलीला माशाचा वास नाही, इथेच आत्याला संशय आला. भाचीने समजावलं: मासा भट्टीत वाळवायचा, दळायचा, त्याची गोळी करून बंद भांड्यात जाळायची. भोवतीचं पाणी जितकं तापेल तितकी त्यात ऊर्जा.

"पाणी तापवायला एवढा चांगला मासा," आत्या पुटपुटली. "लाकडं संपली होती का?"

भाची एकेक मासा तोलून ताटात लावत होती, आत्या टोपलीतून काढून देत होती आणि तोंडाचा पट्टा चालूच होता. चौथ्या माशाला भाचीचा हात थबकला.

"आत्या, हाताने काय करतेयस?"

आत्याने खाली पाहिलं. तिची दोन बोटं माशाच्या कल्ल्यात होती. एकच हिसका, की पोट न फाडता आतडी सगळी बाहेर आणि मासा दिसायला जसाच्या तसा. अख्ख्या बाजारात ही करामत तिच्या एकटीची. पुढ्यातल्या कागदावर तीन माशांची आतडी पडली होती आणि त्यांना पिवळीधमक चरबी लगडलेली होती.

"साफ करून देतेय. घरच्या माणसाला घाणीसकट देऊ होय?"

"आणि मागच्या वेळी तपासायला दिलेले?"

"तेही. तुझे म्हणून जरा जास्तच निगुतीने."

भाचीने हातातला मासा खाली ठेवला. "नदीचे मी स्वतः जाळ्यातून आणले, आतड्यांसकट जाळले. तुझ्या माशांची चरबी तर तूच काढून घेतलीस." मग तिला हसू फुटलं ते आवरेना. आत्या मात्र हसली नाही. ती उठली आणि प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंच्या टेबलापाशी जाऊन म्हणाली, "चूक माझी आहे, पोरीची नाही. तक्ता थांबवा."

तक्ता आठवडाभर थांबला. उरलेले सात मासे आहेत तसे वाळले, दळले, जळले आणि आकडा आला चोवीस. भाची धावत बाजारात आली तेव्हा आत्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. पोरीला तिने तशाच ओल्या हातांनी कवटाळलं.

पण सुख नीट भोगू देईल ते डोकं कसलं. चोवीस खरे, तसे वीसही खरेच होते. साफ केलेल्या माशाचे वीस. आणि गिऱ्हाइकाला ती तीस वर्षं मासा साफ करूनच देत आली होती. मग वरचे चार गेले कुठे?

आत्याने फळीखाली वाकून पाहिलं. तिथे बाजारातली सगळ्यांत जाडी मांजर पाय पसरून पडली होती. तिची आईही इथेच पडायची आणि अशीच जाडी होती.

सोमवारी फाटकावर तक्ता लागला. पहिलेच आले ते आजारातून उठलेले मास्तर. "तुम्हीच खऱ्या निघालात की," ते म्हणाले.

"मासा खरा निघाला, मास्तर. मी तुम्हाला आजवर तो अर्धामुर्धाच दिला." तिने कल्ल्यातून आतडी ओढली, अंगठ्याने चरबी अलगद सोडवली आणि माशाबरोबर बांधून दिली. मांजर बराच वेळ तोंड वर करून बसली होती.

"मला काय बघतेस?" आत्या म्हणाली. "तक्ता वाच."