लटारूदादाचा रोहू

आमच्या चामोर्शीकडच्या तलावात दरवर्षी पहिल्या जाळ्यातला मोठा मासा हळद-कुंकू लावून परत सोडतात. तो तलावाचा मान. लटारूदादा गेल्यापासून भागीरथावहिनी हे काम कोणाला करू देईना. दरवर्षी ती एकच रोहू हुडकून सोडायची, कल्ल्याजवळ जुनी खूण असलेला.

"तुह्या भावानं आनलेला हाय हा," ती म्हणायची.

"हो ना वैनी, तोंडावरूनच दिसते," मी म्हणायचो. मी ढिवरांच्या मासेमारी सोसायटीचा सेक्रेटरी, आणि गावाची थट्टा करणं हे माझं बिनपगारी काम.

दादाने मरायच्या वर्षी वैनगंगेतून रोहूचं बी, म्हणजे इवली पिल्लं, धरून मडक्यांत आणलं होतं, कावडीने. चालताना कावड झुलवायची, थांबलं की हात घालून पाणी हलवायचं; पाणी निजलं की बी मरतं. त्याच हिवाळ्यात मेंदूच्या मलेरियाने तो गेला. मूलबाळ नाही, साधा फोटोही नाही. पुढे सोसायटीने माशांच्या पैदास केंद्रातलं बी आणून सोडलं आणि कोणता मासा कुठला, हे देवालाही सांगता येईना.

२००५ च्या थंडीत दिव्यानी आली. वडशाची पोर, माशांच्या पैदास केंद्रात शिकत होती. मोठमोठ्या माशांच्या शेपटीचा तांदळाएवढा तुकडा कापून ती स्पिरिटच्या बाटलीत टाकायची आणि प्रत्येकाच्या पोटात बारीकशी चिप सोडायची, म्हणजे मशीनला मासा पुन्हा ओळखू येतो.

"केंद्रातले मासे आपसातच जुळवत आले, काका. वाढच खुंटली त्याईची. नदीचं रक्त पाहिजे. या तुकड्यावरून कोन कुठचा ते समजते."

वहिनीने एवढंच विचारलं, "माह्यावाला नदीचा हाय का, सांगशीन?"

मग रस्त्यावर जीप वाजली की वहिनी हातातलं काम टाकून अंगणात. "दहावीचा निकाल हाय का वैनी?" मी छेडायचो. ती हसायची नाही.

उन्हाळा लागता लागता दिव्यानी परत आली. "काकू, सारे केंद्राचेच निघाले. एकच नदीचा हाय. तुमचावाला."

वहिनीने पदर तोंडाला लावला आणि रडली. मी उगाच तलावाकडे पाहत राहिलो.

"पन मले तो न्या लागते, काकू. केंद्रावर."

"नाई," वहिनी म्हणाली. "मानाचा मासा तलावाबाहेर जात नाई." मलाही तेच वाटत होतं. दादाचं म्हणून एवढंच तर उरलं होतं.

दिव्यानीने वाद घातला नाही. हळूच म्हणाली, "मादी हाय ते, काकू. साचल्या पान्यात रोहू अंडे देत नाई. इथी ते अशीच जाईन. तिथी इंजेक्शन देलं का लाखानं पिल्लं होतीन."

मार्कंड्याच्या महादेवाला वहिनीने किती नवस बोलले होते ते मला माहीत होतं. ती पाण्याकडे पाहत बसली.

"अशीच जाईन," ती पुटपुटली. मग उठली, पदर खोचला. "टाका जाळं."

चिप ओळखून मशीन वाजलं तेव्हा रोहू वहिनीच्याच हातात होता. तिने त्याला हळद-कुंकू लावलं आणि जीपमधल्या टाकीत सोडलं. टाकीला हवेचा पंप होता, बुडबुडे निघत होते. तरी वहिनी मागे चढून बसली, कोपरापर्यंत हात घातला आणि पाणी हलवू लागली. सोसायटीतर्फे मीही चढलो.

"काकू, मशीन हवा देऊन राह्यलं. हात काढा, दुखन."

"राहू दे बाई. त्यानं असाच आनला होता."

मार्कंड्याचा फाटा मागे पडला. वहिनीने हात बदलला, पाणी थांबू दिलं नाही. माझ्या जिभेवर थट्टा तयार होती, ती बाहेर आली नाही. दादाची एवढी आठवण मला त्याच्या तेरवीलाही आली नव्हती. मी बाही वर केली आणि माझ्या बाजूने पाण्यात हात घातला.