दहा नंबरची सँडल

शाळेच्या दाखल्यावर तिला मुलगा लिहिलं होतं, पण आपण बाई आहोत हे तिला दाखल्याच्या आधीपासून ठाऊक. पायांना मात्र कुणी सांगितलं नव्हतं. ते वाढत वाढत दहा नंबरला जाऊन थांबले. चपलेच्या दुकानात गेली की दुकानदार आधी पायाकडे बघायचा, मग चेहऱ्याकडे, आणि म्हणायचा, "जेन्ट्स पलीकडे."

म्हणून ती चपला शिवायला शिकली. नऊ वर्षं एका दुकानात पडद्यामागे बसून शिवल्या. मालक म्हणे, "हात सोन्याचे आहेत तुझे. पण पुढे येऊ नकोस, गिऱ्हाईक बिचकतं. आवाजसुद्धा नको."

शेवटी तिने स्वतःचं दुकान थाटलं. पाटी लावली: मोठ्या पायांच्या बायकांसाठी.

पहिल्या दिवशी आईने विचारलं, "पुढे मी बसू का गं? लोक काही बोलले तर?"

"तुला चामड्यातलं काय कळतं? घरी देव पाण्यात घालून बस."

अकराच्या सुमारास ती मागे, धूळ नको म्हणून टांगलेल्या पडद्याआड, चपलांचे तळ चिकटवत होती. "कुणी आहे का?" एका बाईचा आवाज आला. तिचा हात थांबला. सवयीने श्वाससुद्धा थांबला.

मग एका मुलीचा, "आई, चल ना. माझ्या मापाचं इथेही नसणार." मग दूर जाणारी पावलं.

आणि मग डोक्यात उजेड पडला. पुढे गिऱ्हाइकाशी बोलायला दुसरं कोण आहे? मालकीण तर आपणच!

खळ लागलेल्या बोटांनिशी ती रस्त्यावर धावली आणि आपल्या खणखणीत, भरड्या आवाजात ओरडली, "अहो ताई, थांबा!"

अर्धी गल्ली वळली. बाईने तिला नखशिखांत न्याहाळलं, पर्स छातीशी धरली. "घाई आहे हो आम्हाला..."

भावाचे जुने बूट घातलेली उंच मुलगी मात्र तिच्या पायांतल्या लाल सँडलकडे बघत होती. "ह्या तुम्हाला बसतात?"

"मीच शिवल्यात. न बसून सांगतात कुणाला!"

मुलगी खुदकन हसली आणि आईच्या आधी दुकानात शिरली. बाई दारातच उभी राहिली, पण कागदावर लेकीच्या पायाभोवती पेन्सिल फिरू लागली, तशी हळूच म्हणाली, "टाच जरा मऊ करा हं. हिला लगेच लागतं."

संध्याकाळी आई डोकावली. "अगं, पडदा कुठे गेला?"

"फरशी पुसायला घेतला."