जानेवारीत वारलेले वडील

मित्रांनो, मला तुम्ही पनवेलला तहसील कचेरीच्या समोरच्या गाळ्यात पाहिले असेल. दारापाशी लाकडी टेबल आणि टेबलावर काळा, जड, इंग्रजी अक्षरांचा जुना टाइपरायटर. तो मी. मी आता फारसा चालत नाही. लोक म्हणतात, वय झाले. वय झाले हे खरे आहे, पण मी थांबलो तो वयामुळे नाही. मला किळस आली म्हणून थांबलो. कशाची, ते सांगतो.

माझा जन्म कारखान्यातला. लोखंड ओतले, घासले, एकेक अक्षर दांडीवर बसवले. मुंबईच्या एका विमा कचेरीत मी अठरा वर्षे काढली. तिथे नवी यंत्रे आली तेव्हा आम्हा जुन्यांना ओळीने जमिनीवर मांडून विकले. १९८७ साली मला विनायकरावांनी घेतले आणि टेम्पोत घालून पनवेलला आणले. त्यांचा गाळा तेव्हा नवाच होता. ते छापील फॉर्म, कोर्ट फीची तिकिटे विकत आणि मराठी अर्ज हाताने लिहून देत. मला चालवणार होत्या त्यांच्या पत्नी, आशालताबाई.

मला पहिल्यांदा पुसले ते त्यांनीच. रॉकेलचा बोळा आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन दिवसभर बसल्या होत्या. माझ्यात एक खोड होती. माझा इंग्रजी लहान 'ई' (e) ओळीत बसत नसे, केसभर वर राही. विनायकराव म्हणाले, "मेकॅनिकला दाखवू या." बाई म्हणाल्या, "राहू दे. वाचता येतंय ना?" ती खोड तशीच राहिली. तेव्हा दुरुस्त केली असती तर बरे झाले असते, असे मला पुढे फार वाटले.

त्या वर्षांत पनवेलचे रूप बदलत होते. तळोज्याला कारखाने वाढत होते, कळंबोलीत लोखंडाचा बाजार येत होता, जासईकडे कंटेनरची गोदामे उभी राहत होती. मुले-मुली पदवी घेऊन आमच्याकडे नोकरीचे अर्ज टाइप करायला येत. बहुतेकांच्या हातात फक्त गुणपत्रिका असे. अर्जात काय लिहायचे हे कोणालाच माहीत नसे.

आशालताबाई आधी कागद लावत नसत. आधी त्या मुलाला समोरच्या स्टुलावर बसवत आणि विचारत, "तुला काय काय येतं?"

चिरनेरच्या मिठागरवाल्या घरातला काळूराम आला तो दिवस मला आठवतो. १९९१ साल होते. घरात पहिला पदवीधर. तो स्टुलावर नीट बसलासुद्धा नाही.

"ताई, आमाला काय येनार? बीकॉम पास हाय, एवढाच."

"घरी कोण कोण आहे?"

"आई हाय. बाबा जानेवारीत गेला."

"मग मिठागर कोण बघतं?"

"मीच बघतो. खाडीचा पानी आत घ्यायची उघाडी आसते ना, ती भरतीच्या टायमाला उघडावी लागते. चुकली तर समदा मीठ पान्यात. बाबा होता तवा तो उघडायचा."

"आणि परीक्षा?"

"ती पन तवाच व्हती. उघाडी उघडून पेपरला जायचो."

बाई हसल्या. "काही येत नाही म्हणतोस आणि हे काय आहे मग?"

त्यांनी ते सगळे सरळ इंग्रजीत लिहिले. वडील जानेवारीत वारले. त्यांच्या जागी मी भरतीच्या वेळा सांभाळून उघाडी चालवली आणि त्याच वर्षी पदवी घेतली. एवढेच. एकही शब्द फुगवलेला नव्हता. काळूराम तळोज्याच्या एका कारखान्यात भांडारात लागला. आनंदाने तो बाईंना खाडीतल्या ताज्या निवट्या माशांची पिशवी देऊन गेला. त्या अर्जाची कार्बन प्रत बाईंनी फाइलीत ठेवली. त्या सगळ्यांच्याच प्रती ठेवत. मित्रांनो, मला कोणी चांगले म्हणावे असे दिवस होते ते एवढेच.

१९९४च्या जानेवारीत आशालताबाई गेल्या. कावीळ झाली होती. आधी त्यांची बोटे माझ्यावर हळू पडायला लागली, मग दुपारपर्यंतच पडायची, मग त्या आल्या नाहीत. तेराव्यानंतर विनायकरावांनी गाळा उघडला. माझ्यावरचे कापड काढले आणि माझ्यासमोर हात मांडीवर ठेवून बसून राहिले. बाईंची करंगळी जिथे पडे ती कळ झिजून गुळगुळीत झाली होती. त्या कळीवर ते बोट ठेवत, पण दाबत नसत. लोक येत आणि थांबून परत जात.

त्यांची मुलगी चारुता तेव्हा कॉलेजात होती. आईने तिला माझ्यावर टाइपिंग शिकवले होते. ती म्हणाली, "बाबा, मी बसते दुकानात." ते म्हणाले, "तू शिक. दुकानात यायचं नाही." मग ते स्वतःच दोन बोटांनी टाइप करायला लागले. समोर जो कागद ठेवला जाईल त्याची नक्कल करायची. विचारायचे काही नाही. स्टूल त्यांनी भिंतीकडे सारून ठेवले आणि त्यावर फॉर्मचे गठ्ठे रचले.

इथून पुढचे सांगताना मला शिसारी येते, पण सांगतो.

बाजारपेठेतल्या कापड दुकानदाराचा मुलगा हितेश आला. नमुना पाहायला म्हणून त्याने फाइल चाळली आणि काळूरामची प्रत बाहेर काढली.

"विनायककाका, हेच टाका ना. या अर्जाला हातगुण आहे. काळूरामला लगेच लागली होती."

विनायकरावांनी वाचले. "यात वडील वारले असं आहे. तुझे वडील तर दुकानात बसलेत."

"त्यांनीच सांगितलंय, असंच लिही म्हणून. बाप गेला म्हटलं की साहेब जरा थांबून वाचतो."

विनायकरावांनी फाइल बाजूला सारली. त्यांनी कागद लावला. मी कळा अडकवून पाहिल्या. त्यांनी त्या सोडवल्या आणि हितेशच्या वडिलांना जानेवारीत मारले. ते वडील त्या वेळी दोन गल्ल्या पलीकडे गादीवर बसून चहा पीत असतील.

त्या अर्जाचे उत्तर आले नाही, पण हितेशने मित्रांना सांगितले. मग तो नमुना फाइलीत राहिलाच नाही, गाळ्यातल्या खिळ्यावर टांगला गेला. 'काळूरामचा अर्ज' म्हणून पोरे मागायची. नव्या पनवेलच्या वसाहतीतला अविनाश तर सगळाच्या सगळा उतरवून घेऊन गेला. मिठागर, भरती, उघाडी, सगळे. त्याने मीठ फक्त ताटात पाहिले होते. एका मुलीने वडिलांऐवजी आई टाकायला सांगितली, कारण वडील सरकारी नोकरीत होते आणि ते पकडले जाईल अशी तिला भीती होती. आईचे कोणाला कळणार, असे ती म्हणाली. विनायकरावांनी तेही टाइप केले. ज्या माणसाची बायको जाऊन वर्ष झाले नव्हते, त्याच्या हातून 'आई वारली' हे शब्द माझ्या अक्षरांनी उमटत होते आणि त्याचा चेहरा हलत नव्हता. मुलांची मला किळस आली. पण सर्वांत जास्त किळस विनायकरावांची आली. मुलांना कळत नव्हते. त्यांना कळत होते.

दोन वर्षे हे असेच चालले.

१९९६ला चारुता बीए झाली. जासईजवळच्या एका कंटेनर गोदामाच्या कचेरीत कारकुनांच्या दोन जागा निघाल्या. गाळा बंद असताना एका रविवारी ती येऊन बसली आणि तिने स्वतःचा अर्ज स्वतः टाइप केला. किती दिवसांनी माझ्यावर दहा बोटे पडली. खिळ्याकडे तिने पाहिलेही नाही. तिने लिहिले की मला टाइपिंग आईने शिकवले, आई जानेवारी १९९४ मध्ये वारली, त्यानंतर घर सांभाळून मी पदवी घेतली आणि आजही मिनिटाला पंचेचाळीस शब्द टाइप करते. सगळे खरे होते. मी एकही अक्षर अडवले नाही.

पुढे एका गुरुवारी मुलाखत झाली. ती तिथून थेट गाळ्यात आली. चपला काढल्या नाहीत. तिने भिंतीकडचे गठ्ठे खाली ठेवले आणि स्टुलावर बसली.

"बाबा, तुम्ही आतापर्यंत किती जणांचे आईबाप मारलेत?"

विनायकराव म्हणाले, "काय झालं?"

"साहेबांनी माझा अर्ज समोर ठेवला. त्याच्या बाजूला आणखी सहा ठेवले. म्हणाले, पनवेलला जानेवारी महिना फार वाईट दिसतो. मग बोट ठेवून ठेवून 'ई' दाखवला. सगळ्यांत एकसारखा वर चढलेला. म्हणाले, एका मशीनवर सात जण पोरके झालेत. आणि हसले. बाजूचा शिपाईपण हसला."

विनायकरावांनी खिळ्याकडे पाहिले.

"मी म्हटलं, माझं खरं आहे. ते म्हणाले, सगळ्यांचंच खरं असतं. सोमवारपर्यंत मृत्यूचा दाखला आणून दाखवा, मग बघू."

विनायकराव लगेच उठले. "दाखला आहे घरी. ट्रंकेत आहे. आत्ता आणतो."

"नको."

"अगं, पण नोकरी..."

"आई गेली हे मी त्या माणसाला पटवायला जाणार नाही. तो हसलाय तिच्यावर. आणि बाबा, तो चुकला नाहीये. मी त्याच्या जागी असते तर मीपण हसले असते."

विनायकरावांनी खिळ्यावरचा नमुना काढला आणि फाडला. चारुताने तिकडे पाहिले नाही. आता फाडून काय उपयोग होता?

शनिवारी हितेशचे वडील पेढ्यांचा पुडा घेऊन आले. स्वतः आले, आपल्या पायांनी. धोतर स्वच्छ, कपाळाला गंध. चारुता गाळ्यातच होती.

"विनायकभाई, तोंड गोड करा. हितेशला जासईला लागली, त्याच काळूरामच्या अर्जावर. त्याची मुलाखत पहिलीच होती ना, सोमवारची. कालपासून रुजू पण झाला. तुमच्या हाताला यश आहे."

खोटे सोमवारी गेले आणि त्यावर विश्वास बसला. खरे गुरुवारी गेले. मित्रांनो, त्या पेढ्यांचा वास मला अजून आठवतो.

चारुता म्हणाली, "काका, तब्येत कशी आहे तुमची?"

"एकदम फर्स्ट क्लास."

"नाही, जानेवारीत तुम्ही वारला होतात म्हणून विचारलं."

ते मोकळेपणी हसले. "अरे बेटा, ते कागदावरचं. कागदाला कोण मनावर घेतं?"

विनायकरावांच्या हातात पेढा होता. तो त्यांनी पुड्यात परत ठेवला. "माझी बायको खरंच गेली, शेठ."

"ते तर सगळ्या पनवेलला माहीत आहे."

"जासईला माहीत नाही."

त्यांनी माझ्यात कागद लावला. हितेशचे वडील समोर असतानाच टाइप करायला सुरुवात केली. दोन बोटांनी, हळूहळू. ते जासईच्या साहेबांना पत्र होते आणि मजकूर त्यांच्या साध्या शब्दांत होता: माझ्या गाळ्यातून आलेल्या अर्जांतले वडील-आई वारल्याचे वाक्य मी न विचारता उतरवले आहे, दोष माझा आहे. चारुताच्या अर्जातले वाक्य मात्र खरे आहे, ती माझी मुलगी आहे आणि गेलेली बाई माझी पत्नी होती.

हितेशचे वडील वाचत होते. त्यांचा आवाज खाली आला. "विनायकभाई, माझ्या पोराचं नाव घालू नका."

"नाव कोणाचंच घातलं नाही. टाइप मी केलंय."

पुडा तिथेच ठेवून ते गेले. तो पुडा संध्याकाळी विनायकरावांनी समोरच्या तहसील कचेरीच्या शिपायांना दिला.

सोमवारी विनायकराव ते पत्र घेऊन जासईला गेले आणि दुपारी परत आले. चारुता वाट पाहत होती.

"साहेबांनी वाचलं," ते म्हणाले. "म्हणाले, मग तुमच्या मशीनचा एकही अर्ज मी धरत नाही. मी विचारलं, मुलीचापण? म्हणाले, तिचा धरतो, दाखला द्या. हात पुढे केला."

"तुम्ही नेला होतात?"

"खिशात होता."

"मग?"

"नाही दिला. तू नको म्हणाली होतीस."

"आणि हितेश?"

"रुजू झालेल्या माणसाला काढत नाही म्हणाले."

चारुता स्टुलावरून उठली. मग तिने बापाला पाणी आणून दिले. नोकरी गेली होती, पण त्या दोघांना एकमेकांकडे पाहता येत होते. ते मी दोन वर्षांत पाहिले नव्हते.

तीन महिन्यांनी तिला कळंबोलीत एका ट्रान्सपोर्टच्या कचेरीत काम मिळाले. तो अर्ज तिने मला बाजूला सरकवून, माझ्याच टेबलावर हाताने लिहिला. त्यात आईचा उल्लेख नव्हता. विनायकरावांनी विचारले तेव्हा म्हणाली, "ते वाक्य आता माझ्या उपयोगाचं राहिलं नाही."

त्या दिवसापासून माझे मन चालेना आणि मी अडकत, थांबत गेलो; आता कागदाचे कामही कमी झाले. माझ्या दांड्या गंजल्या आहेत. पण मित्रांनो, मला तेल घाला, माझी धूळ पुसा, असे काही मी मागत नाही. मागायचे आहे ते वेगळे. तुम्ही शिकाल, पदवी घ्याल, अर्ज लिहाल. तुम्हाला जे येते ते लिहा. थोडे असेल तर थोडे लिहा. पण घरात बसलेल्या माणसाला कागदावर मारू नका. ज्याचे माणूस खरेच गेले आहे, त्याच्याजवळ सांगायला ते एकच वाक्य असते. तुम्ही ते वापरून वापरून हसण्यावारी नेले, तर त्याने काय सांगायचे?