माणसं खुर्सीपारले आहेत

आमच्या मंडळाने यंदा चित्रप्रदर्शनाला ‘विस्थापित’ हा विषय दिला. सेक्रेटरी मी आणि विषयही मीच सुचवलेला, त्यामुळे एकमताने मंजूर. अकरा चित्रं आली. अकराही चित्रांत डोक्यावर गाठोडं घेतलेली बाई. गाठोड्याची गाठसुद्धा तीच.

बारावं चित्र मारोतरावांनी उद्घाटनाच्या दिवशी सकाळी आणलं. इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये बत्तीस वर्षं ‘हेल्मेट पहनिए’चे बोर्ड रंगवलेला माणूस. चित्रात टेकडी, तिच्यामागे निळं पाणी. बस्स.

“मारोतराव, यात माणसं कुठं आहेत?”

“माणसं खुर्सीपारले आहेत ना, भैय्याजी.”

खरंच होतं. भंडाऱ्याकडचं त्यांचं गाव धरणात गेलं आणि ज्याचं कोणी प्लांटात होतं तो इकडे, खुर्सीपारच्या कामगार वस्तीत आला. मारोतरावांच्या बायकोने, गयाबाईंनी, सर्वांत शेवटी गाव सोडलं. पुन्हा तिकडे पाहिलं नाही. चला म्हटलं की म्हणत, “पाणी पाहाले कायले जाऊ? नळाले येते.”

“बक्षीस नको मले,” मारोतराव म्हणाले. “तिनं एकदा पाह्यलं म्हणजे झालं.”

दुपारी गयाबाई आल्या. सोबत अर्धं खुर्सीपार. चित्रासमोर उभ्या राहिल्या.

“टेकडी उलटी काढली.”

“उलटी कावून?”

“तिचा पडका खांदा उजव्या हाताले पायजे. जलमभर पाह्यला मी.”

“तो गावातून, गया! मी टेकडीच्या पल्याडून, धरणाच्या भिंतीवर बसून काढलं. गावात कुठं बसू, गळाभर पाण्यात?”

गयाबाईंनी चित्राकडे पाठ केली, उजवा हात, डावा हात करून पाहिला, वळल्या आणि निळ्यावर बोट टेकवलं.

“मंग आपलं घर हे.”

बोट निळं झालं. बोर्डाचा ऑइल पेंट दोन दिवस वाळत नाही, हे बत्तीस वर्षं रंगवणारा माणूस घाईत विसरला होता. मारोतराव ब्रश घेऊन धावले.

“राहू द्या,” गयाबाई म्हणाल्या. “आता दिसून राहिलं.”

मग काय विचारता! शेजारच्या ठकूबाईंनी आपलं घर टेकवलं. बाबारावांनी विहीर टेकवली. ती दुसऱ्याच्या वावरात गेली म्हणून भांडण झालं. चहा येईपर्यंत पाण्यावर सव्वीस बोटं आणि एक अंगठा होता. अंगठा ग्रामपंचायत.

परीक्षकांनी उत्तेजनार्थ बक्षीस दिलं. शेरा: ‘टेकडी चांगली, पृष्ठभाग अस्वच्छ.’

चित्र आता मारोतरावांच्या बैठकीत आहे. गयाबाई रोज पुसतात आणि पाहुण्याला आधी गाव दाखवतात, मग पाणी देतात. फक्त ठकूबाईंची तक्रार अजून मिटलेली नाही. त्यांचं घर नाल्यात पडलंय म्हणे, जरा वर सरकवून पाहिजे.

“वाळलं ना आता, ठकूबाई,” मारोतराव सांगतात. “आता कोनीच हालत नाही.”