कारणाचा रकाना

दादाच्या तेराव्याला आलेली माणसं पांगली, पत्रावळी उचलून झाल्या आणि मागच्या पडवीत भांडी विसळता विसळता वैनी पुन्हा म्हणाली, "मियाच धाडलंय तेका."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ दत्ताराम, मालवणच्या वरच्या अंगाला आमच्या वाडीतल्या एका होडीचा तांडेल, म्हणजे होडीवरचा मुख्य. वैनी म्हणजे त्याची बायको मथुरा. त्या सकाळी तो चहाचा कप हातात घेऊन उंबऱ्यावर बराच वेळ बसून राहिला होता. तो असा बसणारा माणूस नव्हे. वैनी केर काढत होती. तिने थट्टेने विचारलं, "आज काय मुहूर्त बघतास? उठा." तो उठला. दुपारी परत येताना खाडीच्या तोंडाशी होडी उलटली. चार खलाशी पोहत किनाऱ्याला लागले. दादा दुसऱ्या दिवशी खडकांत सापडला.

"तो बसान होतो, मिया उठवलंय," वैनी म्हणाली आणि पुन्हा तेच पातेलं विसळायला लागली. तेरा दिवस ती एवढंच म्हणत होती. दोन घासांच्या वर जेवत नव्हती. तिच्या लेकीने समजावलं, शेजारणींनी समजावलं, भटजींनीही काहीतरी सांगून पाहिलं. मला वाटलं, हे आपल्यालाच करायला हवं. अपघाताचं खरं कारण शोधून काढणं हा तर माझा धंदा.

धंदा म्हटलं ते मुद्दामच. मी पुण्याच्या एका संस्थेत प्राध्यापक आहे. माझा विषय सांगायला घेतला की पाहुणे ताटाकडे बघायला लागतात. रेल्वेची सिग्नल केबिन, रसायनांचा कारखाना, ऑपरेशन थिएटर अशा जागी पुढच्या घटकेला काय होईल हे कुणालाच नक्की माहीत नसतं आणि एक चूक झाली तरी माणसं मरतात. तरी तिथे वर्षानुवर्षं चूक होत का नाही, हे मी तीस वर्षं शोधते आहे. दादाला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो वाडीभर सांगत फिरला होता, "जा झालाच नाय, तेचो अभ्यास करता आमची बाय. आणि तेचो पगार घेता."

पण माझं नाव झालं ते कारखान्यांमुळे नाही, दादामुळे झालं. आमच्याकडे होडी वाळूवरून पाण्यात लोटायची तर सगळे खलाशी दोन्ही अंगांना उभे राहतात आणि तिच्या काठावर हात ठेवतात. सगळ्यांचे हात पडले की तांडेल "चला" म्हणतो. एखाद्याने हात काढला, किंवा ठेवलाच नाही, तर होडी त्या दिवशी जात नाही. तो तांडेल असो की काल लागलेला खलाशी असो. आणि त्याला कुणी "कित्याक?", का म्हणून, विचारायचं नाही. माणसं गपचूप जाळी दुरुस्त करायला बसतात. मी लहानपणापासून हे बघत आले होते, आणि बघत आलेल्या गोष्टीकडे जसं आपण बघत नाही तसंच मीही बघितलं नव्हतं. चाळिशीत एकदा सुट्टीला आले असताना डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी दादाला विचारलं, कारण का विचारत नाही तुम्ही?

तो म्हणाला, "हात आधी उठता गो. कारण मागसून येता. काय वेळा येना पण नाय."

हे वाक्य मी जगभर मिरवलं. मोठमोठ्या सभागृहांत पडद्यावर दादाचा वाळूत उभा असलेला फोटो आणि खाली त्याचं वाक्य. विमानकंपन्यांच्या लोकांनी ते उतरवून घेतलं. माझ्या बढतीत त्या एका लेखाचा वाटा किती, हे मी कुणाला सांगितलं नाही. दादाला मात्र एक घड्याळ आणून दिलं.

मग दुसऱ्या लेखाच्या वेळी परीक्षकांनी विचारलं, हे सगळं छान आहे, पण पुरावा काय? किती वेळा हात निघाला? त्यातला किती वेळा बरोबर होता? प्रश्न रास्त होता. माझ्या विद्यार्थ्यांना मीही हाच विचारला असता. मी जवळच्या कट्टा गावच्या बाजारातून एक लांब रजिस्टर आणलं, पट्टी घेऊन रकाने आखले. तारीख, नाव, वारा, समुद्र, कारण. किनाऱ्यावर जाळी ठेवायची खोप आहे, तिथल्या खिळ्याला ते सुतळीने टांगलं, शेजारी पेन्सिल बांधली. ज्याने हात काढला त्याने एवढं लिहायचं. कुणी कुणाला विचारायचं नाही ही रीत मोडत नव्हती, म्हणून मी स्वतःवर खूशही होते. माणसं विचारणार नव्हती. वही विचारणार होती. हे मला त्या वेळी कसं दिसलं नाही, देव जाणे. एवढ्या वर्षांचा अभ्यास होता ना माझा.

पहिल्या वर्षी सत्यवान नावाच्या खलाशाने तीनदा लिहिलं, "पोटात दुखते." दादाने त्याला सगळ्यांसमोर झाडलं. "बायच्या वहीत खोटा लिवा नकात. ती तेच्यावर अभ्यास करता." मला फोनवर हे सांगताना त्याच्या आवाजात केवढा अभिमान होता. मी हसले होते.

चार वर्षांत एकसष्ट नोंदी झाल्या. त्यांतल्या अडतीस दिवशी दुसऱ्या होड्या गेल्या आणि मासळी घेऊन सुखरूप परत आल्या. म्हणजे त्या अडतीस वेळा थांबायची गरज नव्हती. मी त्यांना नाव दिलं, "अनावश्यक माघार". लेख छापून आला, एका मराठी वर्तमानपत्राने त्याची बातमी केली, आणि वाडीतल्या मच्छीमार सोसायटीच्या वार्षिक सभेत कुणीतरी ती मोठ्याने वाचली. सत्यवानाचं नाव बातमीत नव्हतं, पण वाडीत ते सांगायला लागत नाही. सभा खो खो हसली. त्यानंतर हात कमी निघायला लागले. पुढच्या लेखात मी लिहिलं की नोंदींमुळे अनावश्यक माघारीचं प्रमाण घटलं आहे. ही ओळ मला तोंडपाठ आहे. समाधानाने लिहिली होती.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी किनाऱ्यावर गेले. सत्यवान खोपीच्या सावलीत बसून जाळं उकलत होता. त्या दिवशी तो दादाच्याच होडीत होता. मला बघून उठला आणि रडायला लागला. पन्नाशीचा माणूस. मी त्याला बसवलं आणि त्या सकाळचं विचारलं. वैनीने घाई केली म्हणून दादा निघाला नव्हता, एवढं त्याच्या तोंडून ऐकायचं होतं मला. तेवढं घेऊन मी घरी जाणार होते.

"आमी सगळ्यांनी हात ठेवलो," तो म्हणाला. "दादान ठेवल्यान नाय. मागेच उभो रवलो. मगे हयसर खोपीत इलो."

"कशाक?"

"काय म्हायत. आमी वाट बघित रवलंव. बराच वेळ हयसरच होतो. मगे भायर इलो, हात ठेवल्यान आणि चला म्हणालो."

"तुमी काय इचारलास नाय?"

"इचारूची रीत खंय आसा गो?" तो म्हणाला.

मी खोपीत शिरले. डोळ्यांना अंधार सरावायला वेळ लागला. रजिस्टर खिळ्याला होतं. कोपरे फुगले होते, पेन्सिलीचं बोटभर थोटूक उरलं होतं. शेवटचं लिहिलेलं पान उघडलं. दादाचं अक्षर मी कुठेही ओळखेन, शाळेत शिकवल्यासारखं सरळ, प्रत्येक शब्दावरची रेघ वेगळी ओढलेली. तारीख त्याच दिवसाची. नाव, दत्ताराम. वारा, नाही. समुद्र, शांत.

कारणाचा रकाना रिकामा होता. कागदावर पेन्सिल टेकल्याचा एक ठिपका होता, जोर देऊन काढलेला. पुढे काही नाही.

मी खाली वाळूतच बसले. आधी डोकं आपल्या सवयीने हिशेब करायला लागलं, त्याला लाज नसते. त्या दिवशी आणखी तीन होड्या गेल्या होत्या आणि तिन्ही भरून आल्या होत्या. म्हणजे दादाने हात काढला असता तर संध्याकाळी तो घरी जेवला असता, आणि मी त्याची नोंद अनावश्यक माघारीत केली असती. एकोणचाळिसावी. त्या अडतिसांत असे किती दादा होते, जे घरी जेवले म्हणून मी त्यांना चुकलेले ठरवलं? मग डोकं थांबलं आणि मला रडू फुटलं. बाहेर सत्यवान जाळं उकलायचं सोडून नुसता बसून होता.

वही घेऊन घरी येताना रस्ताभर मी एकच विचार करत होते, आणि तो चांगला विचार नव्हता. हे पान फाडता येईल. मला आता आईबाप नाहीत, मूल नाही, लग्नाचं केव्हाच आटोपलं. वर्षातून दोनदा ज्या दारात चप्पल काढते ते हेच एक दार. वैनीला सांगितलं तर ते दार राहील का? नाही सांगितलं तर ती उरलेला जन्म तो उंबरा झाडत, त्या एका थट्टेच्या वाक्यावर कुढत काढील. तीस वर्षं मी लोकांना सांगत आले की ज्याच्याकडून चूक झाली त्याने ती बोलून दाखवली पाहिजे, तरच पुढचा वाचतो. बोलणाऱ्याला ते किती महाग पडतं, ते मला आज कळत होतं.

लेक सकाळीच सासरी गेली होती, वैनी पडवीत एकटीच तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि वही उघडून ठेवली.

"वैनी, तुझ्यामुळे नाय गेलो तो."

ती तांदूळ निवडत राहिली.

"तू उठवलंस म्हणान तो होडयेपर्यंत गेलो. पण तेणा हात ठेवल्यान नव्हतो. तेका जावचा नव्हता. तो हात काढूक होतो, वैनी. काढूच्या आधी ह्या लिवक गेलो." मी रकान्यावर बोट ठेवलं. "हयसर कारण लिवक होया होता. तेच्याकडे कारण नव्हता. म्हणान परत येऊन हात ठेवल्यान. ही वही माझी. हो रकानो माझो. माझ्यामुळे गेलो तो."

वैनीने हात पदराला पुसले, वही जवळ ओढली आणि एकेक रकाना वाचला, बोट फिरवत. रिकाम्या जागेवर आल्यावर बोट तिथेच राहिलं.

"पोटात दुखता म्हणान लिवूचा होता," ती म्हणाली. "सत्यवान लिवता तसा."



"नाय लिवचो तो," ती स्वतःशीच म्हणाली. "तुझ्या वहीत खोटा नाय लिवचो."

यापेक्षा तिने मला घराबाहेर काढलं असतं तर बरं झालं असतं. वाडीतल्या कुणीही तिथे काहीतरी खरडलं असतं आणि जीव वाचवला असता. चक्कर, ताप, काहीही. दादाने एवढ्यासाठी खोटं लिहिलं नाही, की पुण्यात बसून त्याची बहीण ते वाचणार होती आणि तिचा अभ्यास चुकला असता. मी त्याला अडतिसांची गोष्ट कधी सांगितलीच नव्हती. बातमी त्याने वाचली होती की नाही, मला आजही माहीत नाही. सभेत तो बसला होता, एवढं नक्की.

सूप पुन्हा पुढ्यात ओढून वैनी म्हणाली, "मगे मिया उठवलंय म्हणान नाय?"

"नाय."

तिने एकदा मान हलवली. रडली नाही. निवडलेले तांदूळ तिने सुपातून पातेल्यात ओतले, आणि ते दोघींपुरते होते हे मी बघितलं.

सुतळीला लोंबणारं ते थोटूक वहीबरोबर आलं होतं. मी ते उचललं. त्या रकान्यात काय लिहायचं ते आता मला ठाऊक होतं, तिथे फक्त माझं नाव लिहायचं होतं. निदान एक नोंद तरी पुरी व्हायला हवी होती. ठिपक्याच्या शेजारी मी पेन्सिल टेकवली.

वैनीने माझं मनगट धरलं. तिचा हात तांदळाच्या कोंड्याने पांढरा झालेला.

"हात काढ, बाये," ती म्हणाली.

मी काढला. कित्याक, म्हणून विचारलं नाही.